जनुकांची यादी आपली हवी, आणि ती खुलीही हवी

हृदयाच्या स्नायूला लागणारे एक प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होते, त्याचे नाव एमवायबीपीसी३. भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत या जनुकातली २५ अक्षरे गळलेली असतात आणि त्यामुळे हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा धोका वाढतो, असे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसे. युरोपीय वंशाच्या लोकांत मात्र हा बदल जवळपास आढळतच नाही. पुढे २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. ही गळती असलेल्या सगळ्यांनाच सारखा धोका नसतो. त्याच जनुकात आणखी एक विशिष्ट बदल जोडीला असेल तर काळजीचे कारण जास्त, असे संकेत मिळाले.

पुण्यातल्या किंवा लातूरच्या एखाद्या रुग्णाचा जनुकीय अहवाल लिहायला बसलेल्या तज्ज्ञाला हे सगळे कुठून कळायचे? प्रयोगशाळेतले यंत्र फक्त अक्षरे वाचते: ए, सी, जी, टी. मग एक आज्ञावली ती अक्षरे प्रमाण मानलेल्या मानवी जीनोमशी ताडून बघते आणि फरक काढून देते. असे फरक प्रत्येक माणसात चाळीस ते पन्नास लाख निघतात. त्यांतला घातक कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी डेटाबेस उघडावा लागतो: हा बदल याआधी कोणात सापडला, ती माणसे आजारी होती की धडधाकट, किती टक्के लोकांत तो असतो. निदान ठरते ते या यादीवर, आणि यादीत ज्यांची नोंद नाही त्यांच्या बाबतीत अहवाल ‘अर्थ अनिश्चित’ एवढेच सांगून थांबतो.

या याद्या जगाने खुल्या ठेवल्या म्हणून जनुकविज्ञान एवढे पुढे गेले. भारतातले संशोधक, डॉक्टर आणि विद्यार्थी त्यांचा चार दशके विनामूल्य लाभ घेत आले. आता आपल्या लोकांची माहिती त्यांत येऊ लागली आहे, तेव्हा ती खुली ठेवण्याची आणि वर्षानुवर्षे नीट सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच आहे. तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे.

याद्या करण्याचे हे काम पंच-कार्डांच्या काळात सुरू झाले. मार्गारेट डेहॉफ या अमेरिकी विदुषीने तोवर ठाऊक असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम १९६५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. प्रत्येक अमिनो आम्लाला एकेक अक्षर देण्याची त्यांची पद्धत आजही जगभर चालते. पुढे डीएनएचा क्रम वाचण्याची तंत्रे आली, पुस्तक पुरेनासे झाले. १९८० मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला युरोपचा डेटाबेस उभा राहिला, १९८२ मध्ये अमेरिकेत जेनबँक सुरू झाली आणि काही वर्षांनी जपानचा डीडीबीजे त्यांना येऊन मिळाला. जेनबँक चालवण्याचे काम डेहॉफ यांच्या गटालाही हवे होते. ते मिळाले लॉस अलामोसच्या वॉल्टर गोड यांच्या गटाला. विज्ञानाच्या इतिहासकारांनी त्यामागचे एक महत्त्वाचे कारण नोंदवले आहे: डेहॉफ यांचा गट कष्टाने जमवलेल्या माहितीवर हक्क राखू पाहत होता, तर गोड यांच्या गटाने ती सर्वांसाठी मोकळी ठेवण्याची तयारी दाखवली. डेहॉफ यांचे ऋण मोठे आहे. पण त्या वेळी झालेली निवड योग्यच होती, हे पुढच्या चाळीस वर्षांनी सिद्ध केले.

डिसेंबर १९८२ मध्ये जेनबँकेत ६०६ नोंदी होत्या आणि एकूण अक्षरे ६,८०,३३८. आज अक्षरांची संख्या ३४ लाख कोटींच्या वर गेली आहे. अमेरिका, युरोप आणि जपानमधले तिन्ही साठे एकमेकांशी रोज देवाणघेवाण करतात, त्यामुळे एका ठिकाणी केलेली नोंद तिन्हीकडे दिसते. शोधनिबंध छापायचा तर क्रम आधी यांपैकी एका साठ्यात जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक द्यायचा, ही शिस्त नियतकालिकांनी हळूहळू लावली.

नुसत्या तुलनेतून काय हाती लागते, ते १९८३ मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातले रसेल डूलिटल जमतील तेवढे प्रथिनांचे क्रम आपल्या संगणकावर गोळा करत होते. रक्तातल्या प्लेटलेट पेशी एक वाढ-घटक सोडतात. जखम भरून येताना तो पेशींना वाढायला लावतो. त्याचा क्रम नुकताच कळला होता. डूलिटल यांनी तो आपल्या संग्रहाशी ताडून पाहिला, तेव्हा माकडांत कर्करोग निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी तो जवळजवळ हुबेहूब जुळला. कर्करोग म्हणजे शरीराच्याच वाढीच्या यंत्रणेने घेतलेले चुकीचे वळण असू शकते, याचा तो ठसठशीत पुरावा होता. त्यासाठी वेगळा प्रयोग करावा लागला नव्हता. दोन ठिकाणी पडून असलेली माहिती एकत्र आली, एवढेच.

पण साठा फुगला तसे प्रत्येक अक्षर प्रत्येक अक्षराशी ताडणे संगणकालाही झेपेना. १९९० मध्ये स्टीफन आल्टशूल, डेव्हिड लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्लास्ट’ ही आज्ञावली लिहिली. तिची युक्ती सोपी आहे. आपल्या क्रमाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, डीएनएसाठी साधारण अकरा अक्षरांचे. साठ्यात असा तुकडा जिथे सापडेल तिथेच थांबायचे आणि दोन्ही बाजूंना जुळणी कुठवर लांबते ते बघायचे. शेवटी एक आकडा मिळतो. एवढी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसली असती, हे तो सांगतो. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितके नाते पक्के. जैवतंत्रज्ञान शिकणारा नांदेडचा वा कोल्हापूरचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी ब्लास्ट वापरायला शिकतो. त्याला त्याचे शुल्क पडत नाही, परवानगी लागत नाही. खर्च अमेरिकी करदाता सोसतो.

हा मोकळेपणा आपोआप टिकला नाही, त्यासाठी झगडावे लागले. मानवी जीनोम प्रकल्प चालू असताना फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवले, की एक हजार अक्षरांहून लांब जुळलेला प्रत्येक तुकडा शक्यतो २४ तासांत सार्वजनिक करायचा. निबंध छापून येण्याची वाट बघायची नाही, पेटंट घ्यायचे नाही. दोनच वर्षांत क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही खासगी कंपनी शर्यतीत उतरली. जीनोमची माहिती ग्राहकांना वर्गणीवर विकायचा तिचा बेत होता. सार्वजनिक प्रकल्पाकडे लाखो तुकडे होते, पण ते सलग जोडणारी आज्ञावली तयार नव्हती. सांताक्रुझच्या विद्यापीठात डेव्हिड हौसलर यांच्याकडे जिम केंट नावाचा संशोधक विद्यार्थी होता. २००० सालच्या मे-जूनमध्ये चार आठवडे बसून त्याने ती लिहून काढली. मनगटे सुजत, रात्री त्यांवर बर्फ ठेवावा लागे. शंभर साध्या पेंटियम संगणकांच्या जोरावर २२ जूनला जोडणी पूर्ण झाली, सेलेराच्या तीन दिवस आधी. ७ जुलै २००० रोजी मानवी जीनोमचा तो मसुदा इंटरनेटवर आला आणि कोणालाही उतरवून घेता येऊ लागला.

केंट तेवढ्यावर थांबला नाही. त्याने गुणसूत्रांचा नकाशा पडद्यावर दाखवणारा ब्राउझर बनवला. गुणसूत्रावरचे एखादे ठिकाण टाइप करा, की तिथली जनुके, माणसामाणसांतले ज्ञात फरक, उंदरात आणि माशात तोच भाग कसा दिसतो, हे सगळे एकाखाली एक पट्ट्यांत उलगडते. युरोपचा ‘एन्सेंबल’ हेच काम वेगळ्या मांडणीने करतो. आज जगातली कुठलीही जनुकीय प्रयोगशाळा या दोन्हींवाचून दिवस काढू शकणार नाही.

नकाशा म्हटला की मोजणी आली, आणि मोजणी बदलली की पत्ते बदलतात. मानवी जीनोमचे प्रमाण संस्करण २००९ मध्ये आले, २०१३ मध्ये सुधारून पुन्हा आले. दोन्ही आज वापरात आहेत आणि एकाच जनुकाचे दोन्हींतले स्थान वेगळे आहे. गावात फेरमोजणी होऊन जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, की जुना उतारा घेऊन गेलेल्याची जी अडचण होते, तीच इथे होते. अहवालात संस्करण लिहिलेले नसेल तर पत्ता असूनही घर सापडत नाही. शिवाय त्या प्रमाण जीनोमचा सुमारे ७० टक्के भाग एकाच माणसाकडून आलेला आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन जे स्वयंसेवक मिळवले, त्यांच्यापैकी तो एक. २०२३ मध्ये ४७ जणांच्या जीनोमांवर आधारलेला ‘पॅनजीनोम’ प्रसिद्ध झाला तो ही उणीव भरून काढण्यासाठी.

साधनांतल्या किरकोळ वाटणाऱ्या चुकाही किती महाग पडतात, याचे उदाहरण प्रत्येक कचेरीत उघडल्या जाणाऱ्या एक्सेलचे आहे. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ ही दोन जनुकांची नावे होती. एक्सेलमध्ये ती टाकली की मुकाट्याने त्यांच्या तारखा होत, मार्च आणि सप्टेंबरमधल्या. २०१६ मध्ये झालेल्या पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. माहिती सार्वजनिक होती म्हणून चुका मोजता आल्या आणि दुरुस्त करता आल्या. बंद कपाटातल्या चुका कोणी मोजत नाही.

कपाट बंद असले की काय होते, ते स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत अमेरिकेने अनुभवले. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांची पेटंट मिरियड कंपनीकडे होती, त्यामुळे तिथे ही चाचणी वर्षानुवर्षे तिच्याकडूनच करून घ्यावी लागे. लाखो स्त्रियांच्या चाचण्यांतून कोणता बदल घातक आणि कोणता नाही याचे अमोल ज्ञान कंपनीकडे साठत गेले. २००४ नंतर कंपनीने ते सार्वजनिक साठ्यात देणे थांबवले. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निसर्गात आढळणाऱ्या डीएनएवर पेटंट घेता येत नाही. चाचणीची मक्तेदारी संपली, पण कंपनीकडे साठलेल्या यादीला न्यायालयाचा निकाल लागू नव्हता. मग डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांचे अहवाल, ओळख पुसून, गोळा करायला घेतले आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘क्लिनव्हार’ या खुल्या साठ्यात ते जमा होऊ लागले. एका कंपनीने अडवलेले ज्ञान हजारो हातांनी पुन्हा उभे केले. त्यात किती वर्षे गेली आणि दरम्यान किती स्त्रिया अनिश्चिततेत राहिल्या, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

यादी खुली असूनही अपुरी असेल तर वेगळीच हानी होते. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजाराबाबत २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. घातक म्हणून नोंदवलेले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांत इतके सर्रास आढळतात, की ते घातक असूच शकत नाहीत, असे त्यातून दिसले. मूळ अभ्यासांत तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत कृष्णवर्णीयांचा समावेश पुरेसा नव्हता. म्हणून धडधाकट माणसांना आणि त्यांच्या कुटुंबांना आजाराचा शिक्का सोसावा लागला.

भारतीय रुग्णांवर असाच शिक्का बसू नये, यासाठी दोन मोठे प्रयत्न झाले. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने १,०२९ भारतीयांचे संपूर्ण जीनोम वाचून ‘इंडिजीनोम्स’ हा खुला डेटाबेस तयार केला. त्यात साडेपाच कोटींहून अधिक बदल नोंदले गेले आणि त्यांतले सुमारे ३२ टक्के जगातल्या तोवरच्या याद्यांत नव्हते. एक हजार माणसांत एवढे नवे निघत असेल, तर आपली माहिती जगाच्या यादीत किती तोकडी होती ते यावरून दिसते. दुसरा प्रयत्न म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा ‘जीनोमइंडिया’. २० संस्थांनी मिळून जानेवारी २०२० मध्ये हाती घेतलेल्या या प्रकल्पात ३० आदिवासी आणि ५३ बिगर-आदिवासी समूहांतील ९,७७२ लोकांचे जीनोम वाचले गेले. ९ जानेवारी २०२५ रोजी ही माहिती संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याची घोषणा झाली. ती फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवलेली आहे आणि ती मिळवण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो.

अर्जाची अट चुकीची आहे का? एका बाबतीत ती पूर्ण योग्य आहे. जीनोमवरचे नाव पुसले तरी माणूस लपत नाही. २०१३ मध्ये यानिव्ह एर्लिच यांच्या गटाने अमेरिकेत ते करून दाखवले: नाव काढून टाकलेल्या जीनोमांतून वाय गुणसूत्राच्या खुणा घेतल्या, वंशावळींच्या संकेतस्थळांवरून आडनावे शोधली, वय आणि राज्य जोडले आणि जवळपास पन्नास माणसे ओळखून काढली. भारतात तर आडनावावरून जात, गाव, पोटजात इथपर्यंत पोचता येते. लहान समूहात एखाद्या आजाराचे प्रमाण जास्त निघाले, तर लग्नाच्या बाजारापासून विम्यापर्यंत त्याची झळ अख्ख्या समूहाला लागू शकते. तेव्हा एकेका व्यक्तीचा संपूर्ण जीनोम कुलपातच राहावा, आणि किल्ली कोणाला दिली याची नोंद जाहीर व्हावी.

मात्र कोणता बदल भारतीयांत एकूण किती टक्के आढळतो, ही कोष्टके वेगळी. त्यांत व्यक्ती दिसत नाही. धुळ्यातल्या बालरोगतज्ज्ञालाही ती अर्जाविना, क्षणात, विनामूल्य दिसली पाहिजेत. तसेच ती जगातल्या सर्वांत वापरल्या जाणाऱ्या ‘नोमॅड’सारख्या साठ्यांतही पोचली पाहिजेत. कारण लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या रुग्णालयात मराठी कुटुंबातल्या बाळाचा अहवाल लिहिणारा डॉक्टर फरिदाबादला अर्ज करणार नाही. तो समोर असलेल्या यादीतच बघणार.

माहिती वेळेवर खुली होणे किती मोलाचे, हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असायला हवे? जानेवारी २०२० मध्ये शांघायचे झांग योंगझेन आणि सिडनीचे एडवर्ड होम्स यांनी नव्या करोना विषाणूचा २९,९०३ अक्षरांचा क्रम जाहीर केला आणि तेवढ्या आधारावर, विषाणू हातात नसतानाही, लस व चाचण्यांची आखणी सुरू झाली. वर्षभराने विषाणूचा एक नवा प्रकार विदर्भासह राज्याच्या अनेक भागांत पसरत होता. महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल दिसत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी सांगितले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी या बदलांचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. याच कुळातल्या विषाणूला पुढे जगाने डेल्टा म्हणून ओळखले. तोवर दुसरी लाट राज्यभर घरोघरी पोचली होती. एप्रिलअखेरीस शेकडो भारतीय शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर विनंती केली, की साथीची आणि जनुकीय क्रमांची सरकारकडची माहिती अभ्यासासाठी उपलब्ध करा. स्वतःच्या देशातल्या साथीची माहिती मिळावी म्हणून शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहावे लागले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

माहिती उघड करणाऱ्याला शिक्षा होते, हेही खरे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनचे क्रम तत्परतेने जाहीर केले, तर श्रीमंत देशांनी तिथून येणारी विमाने बंद केली. असा अन्याय दूर करायचा तर उघड करणाऱ्याला श्रेय आणि मदत मिळेल अशी व्यवस्था लावून धरली पाहिजे. माहिती दाबून ठेवल्याने तो अन्याय कमी होत नाही.

डेटाबेस सुरू करणे तुलनेने सोपे असते. तो तगवणे कठीण. १९९७ मधल्या ३२६ जैविक डेटाबेसांचे पुढे काय झाले, याचा माग काही संशोधकांनी काढला. अठरा वर्षांनी त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक बंद पडलेले होते. नावाजलेले साठेही यातून सुटत नाहीत. अमोस बायरोख यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला स्विस-प्रॉट हा प्रथिनांचा अत्यंत काटेकोर डेटाबेस १९९६ मध्ये पैशाअभावी बंद होण्याच्या बेतात होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, तेव्हा स्वित्झर्लंडने कायमस्वरूपी संस्था उभी केली. वनस्पतिशास्त्राचा आधार असलेला अरॅबिडॉप्सिसचा डेटाबेस २०१३ नंतर अनुदान थांबल्याने वर्गणीवर गेला. फळमाशीचा फ्लायबेस २०२५ मध्ये हार्वर्डचे अनुदान रद्द झाल्यावर वापरकर्त्यांकडे देणग्या मागू लागला. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने चीन, रशिया, इराण आदी देशांतील संशोधकांना आपल्या नियंत्रित जनुकीय साठ्यांची दारे बंद केली. भारत त्या यादीत नाही. पण दुसऱ्याच्या घरातले दार उद्याही उघडे असेल, या भरवशावर आपल्या रुग्णालयांनी विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

आपल्याकडे गुणवत्ता नाही, असे कोणी म्हणू नये. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये, देशात या विषयाचे नावही फारसे कोणी ऐकले नव्हते तेव्हा, जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. अशोक कोळसकर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केलेली पद्धत प्रथिनाचा कोणता भाग शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल याचा अंदाज देते. लस संशोधनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळावर ती आजही त्या दोघांच्या नावाने आहे. उर्मिला कुलकर्णी-काळे यांच्यासह याच केंद्राने विषाणूंच्या जीनोमांचा ‘व्हिरजेन’ डेटाबेस २००४ मध्ये जगापुढे ठेवला. याच शहरात सी-डॅक आहे, परम संगणक आहे, विषाणू संस्था आहे, आयसर आहे.

कमी आहे ती टिकाऊ तरतुदीची. अनुदान तीन वा पाच वर्षांच्या प्रकल्पाला मिळते. त्यात संगणक येतात, कंत्राटी संशोधक नेमले जातात, निबंध छापून येतो. प्रकल्प संपला की तरुण मुले निघून जातात, सर्व्हरची देखभाल कोणाच्याच कामात बसत नाही. नोंदी तपासणारा, चुका काढणारा, नव्या संशोधनानुसार अर्थ सुधारणारा माणूस, म्हणजे डेटाबेसचा क्युरेटर, याला आपल्या विद्यापीठांत कायमचे पदच नाही. एमवायबीपीसी३ ची नोंद २००९ मध्ये लिहून २०१८ मध्ये कोणी उघडलीच नाही, तर ती रुग्णाची दिशाभूल करेल. फरिदाबादच्या केंद्राकडे सुमारे चार पेटाबाइटचा साठा आणि स्वतःचा महासंगणक आहे. यंत्रांइतकीच तरतूद या माणसांच्या पगारासाठी हवी, आणि ती दर अर्थसंकल्पात, न मागता हवी. राज्य सरकारने पुण्याच्या संस्थांना अशी पंचवीस पदे कायमची दिली, तरी इतका मोठा परतावा देणारा खर्च विज्ञानात दुसरा सापडणार नाही.

हा फायदा पहिल्यांदा कोणाला मिळावा, याचे उत्तर गडचिरोलीत आणि नंदुरबारमध्ये आहे. तिथल्या आदिवासी समूहांत आढळणारा सिकलसेलचा आजार एका अक्षराच्या बदलातून येतो. ए च्या जागी टी. पण तेच अक्षर बदललेल्या दोन मुलांपैकी एकाला महिन्या-महिन्याला असह्य वेदना होतात आणि दुसरे त्या मानाने बरे राहते. गर्भात असतानाचे हिमोग्लोबिन पुढे किती टिकते यावर बरेच अवलंबून असते, आणि ते ठरवणारे बदल इतर जनुकांत असतात. आदिवासी समूहांनी राष्ट्रीय प्रकल्पाला आपले रक्त दिले आहे. त्या माहितीतून त्यांच्या मुलांच्या उपचाराबद्दल काय कळले, हे त्यांच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत आणि त्यांच्या भाषेत पोचवणे ही प्रकल्पाची बांधिलकी मानली गेली पाहिजे.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या जनुकीय चाचणीचा अहवाल येईल: गर्भारपणात, कर्करोगाच्या उपचारात किंवा आजारी बाळासाठी. तेव्हा प्रयोगशाळेला तीन गोष्टी जरूर विचारा. तुलनेसाठी भारतीय लोकसंख्येची माहिती वापरली का? जीनोमचे कोणते संस्करण घेतले? आणि ओळख पुसून हा निष्कर्ष सार्वजनिक साठ्यात जमा करणार का? अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहिले असेल, तर तो फाइलमध्ये जपून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या.